एकास सत्त्याऐंशी

खेळण्यातली आगगाडी कशी बघायची हे कुणी शिकवत नाही. चार वर्षांचं पोर फरशीवर गाल टेकतं, एक डोळा मिटतं आणि गाडी नाकासमोरून जाऊ देतं. पुढे ते मोठं होतं, कमावतं, सुताराकडून टेबल करून घेतं, त्यावर रूळ मांडतं आणि उभं राहून वरून बघतं. काहीतरी चुकतंय एवढंच त्याला कळतं. टेबल छातीच्या उंचीला न्यायला आणखी वीस वर्षं जातात.

*

लघुरेल्वेचा आराखडा काढायला बसणाऱ्याला वाटतं, सगळं लहान करायचं, झालं. एचओ हे जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण, एकास सत्त्याऐंशी. डब्याला ८७ ने भागा, खांबाला भागा, फलाटाला भागा. मग अंतराला भागायची वेळ येते आणि पेन्सिल थांबते. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटर. भागिले ८७, आले ३२० मीटर. आमच्या फाटकापासून वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत येण्याइतके.

वस्तू मावतात. अंतर मावत नाही.

*

दहा बाय दहाच्या खोलीत बारा डब्यांची लोकल मावते. हलत नाही.

*

वळणाचा हिशेब त्याहून कडू. आपल्या ब्रॉडगेजवर दहा अंशांहून कडक वळण घेत नाहीत. दहा अंश म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. एचओमध्ये ती होते दोन मीटर. गाडी फिरून परत यायची तर चार मीटर रुंद खोली हवी, आणि हे झालं नाइलाजाचं वळण, जिथे ड्रायव्हर आधीपासून वेग उतरवत येतो. बाजारातल्या खोक्यात जे वाकडे रूळ मिळतात त्यांची त्रिज्या साधारण ३६ ते ४४ सेंटिमीटर. अशा वळणावर खरी गाडी घसरायचा प्रश्न येत नाही. ती आत शिरूच शकणार नाही.

म्हणजे प्रत्येक लेआउट पहिल्याच वळणावर खोटं बोलतो. पुढे ठरवायचं एवढंच की कुठलं खोटं उघड्यावर ठेवायचं आणि कुठलं बोगद्यात.

*

अमेरिकेत जॉन आर्मस्ट्राँग म्हणून एक गृहस्थ होते. रुळांच्या आराखड्यांवरचं त्यांचं पुस्तक १९६३ चं. खोली फुटांत मोजू नका, असं त्यांचं सांगणं. आपलं सर्वांत लहान वळण घ्या, त्याच्या त्रिज्येत शेजारशेजारच्या दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट मिळवा, तेवढ्या बाजूचा चौरस करा आणि खोलीत असे किती चौरस बसतात ते बघा. मी बघितलं. दहा बाय अकराची खोली, चोवीस इंची वळण, चार गुणिले चार चौरस. त्यातला एक दाराने खाल्ला.

दुसरी त्यांची शिकवण म्हणजे कागदाचे दोन भाग करायचे. एकीकडे जे आहे ते, दुसरीकडे जे हवंसं वाटतं ते. माझ्या हवंसंच्या यादीत भोर घाट, मागे बँकर (चढावर ढकलणारं इंजिन) लावलेली मालगाडी, बोगद्याच्या तोंडाशी धबधबा आणि श्रावणातलं धुकं. आहे-च्या यादीत एकच ओळ: दार आत उघडतं.

*

दाराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण लेआउटवाल्यांचं अर्धं आयुष्य त्यात जातं.

भिंतीला धरून चारी बाजूंनी रूळ फिरवला की दारावरून जावं लागतं. तीन उपाय. फळकुटाचा पूल करायचा आणि ये-जा करताना उचलून ठेवायचा. मग एके दिवशी पूल उचललेला असताना गाडी सुरू राहते आणि इंजिन फरशीवर येतं. खऱ्या अंतरात मोजलं तर ती नव्वद मीटरची दरी. दुसरा उपाय बिजागरीचा. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि रूळ एका मिलिमीटरने चुकतात. गाडी उलटायला एवढं पुष्कळ झालं. तिसरा उपाय फुकटचा: वाकून खालून जायचं. सगळे हाच निवडतात. चाळिशीत काढलेला नकाशा साठीतल्या गुडघ्यांना विचारून काढलेला नसतो.

मी दाराची बिजागरी उलट बाजूला लावून ते बाहेर उघडायचं ठरवलं. घरात मतदान झालं. दार आजही आत उघडतं.

*

हाताची पोच अडीच फूट. गाडी नेहमी पावणेतीन फुटांवर घसरते.

*

प्रमाण निवडणं म्हणजे आपण रुळापासून किती लांब उभे आहोत ते ठरवणं. ओ प्रमाणात, एकास पंचेचाळीसच्या आगेमागे, माणूस फलाटावर उभा असतो: चाकांचे आरे दिसतात, कपलिंग दिसतं, गार्डच्या डब्याची कडी दिसते. एचओत तो पुलावर उभा. एनमध्ये, एकास एकशेसाठ, तो समोरच्या टेकडीवर. तिथून अख्खी गाडी दिसते, गाव दिसतं, गावामागची शेतं दिसतात. झेडमध्ये, म्हणजे मेर्कलिनने १९७२ साली आणलेल्या एकास दोनशेवीसमध्ये, ब्रीफकेसमध्ये डोंगर भरता येतो. मोठ्या प्रमाणात इंजिन मिळतं, लहान प्रमाणात मुलूख मिळतो. दोन्ही हवं म्हणणाऱ्याला मुंबईत जागा विकत घ्यावी लागते.

बागेत चालवायची ‘जी’ प्रमाणातली गाडी मला कधीच पटली नाही. एकास साडेबावीसची गाडी आणि तिच्यावर खरा पाऊस. प्रत्येक थेंब मोसंबीएवढा.

*

रुळांची रुंदी हा या छंदातला सोवळ्या-ओवळ्याचा विषय आहे. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे. ८७ ने गुणलं की युरोप-अमेरिकेचं १४३५ मिलिमीटरचं गेज बरोबर येतं. इंग्रजांची इंजिनं मात्र अंगाने लहान, त्यात तेव्हाची मोटर मावेना. त्यांनी रूळ तेच ठेवले आणि गाड्या एकास शहात्तर केल्या. डबल ओ त्यातून जन्मलं. गाड्या भरल्या अंगाच्या, रूळ काटकुळे. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, तिथले सोवळे लोक अजून रूळ रुंद करताहेत: आधी १८ मिलिमीटर, मग १८.८३. पहिल्या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांकडे दुसऱ्या आकड्याचे लोक कसे बघतात, ते आपल्याकडे शुद्धलेखनाच्या वादात दिसतं.

आपली गंमत निराळी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते एचओच्या रुळावर चढवलं की साडेनऊ इंच हरवतात. गाडी एकास एकशेदीड करून घेतली तर हेच रूळ अचूक बसतात, पण मग फलाटावरची तयार माणसं, मोटारी, झाडं सगळी ८७ ची. प्रवासी डब्यापेक्षा दांडगे. जपानी लोकांचं बरोबर उलट. त्यांचं जुनं गेज १०६७, एनचे रूळ ९ मिलिमीटरचे आणि गाडी एकास दीडशे, त्यामुळे गाडीच्या मानाने रूळ ऐसपैस. रुळांशी कुणाचंच पटत नाही, तरी संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या सुटतात.

हजारो इंजिनं मी बघितली असतील, पण समोरून येणाऱ्या मॉडेलचे साडेनऊ इंच कमी आहेत हे मला कुणीतरी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. कळल्यापासून दुसरं काही दिसत नाही. काही ज्ञान मिळवू नये.

*

लांबी एका ८७ ने घटते. वजन तीनदा.

डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींना भागलं की उरतात दोनशे ग्रॅमच्या आत. एवढं इंजिन डबे ओढू शकत नाही, म्हणून बनवणारे त्याच्या पोटात वजनाचे तुकडे भरतात. एवढी गाडी हळूहळू थांबूही शकत नाही. वीज गेली की जागच्या जागी खिळते. म्हणून मोटरला फ्लायव्हील जोडतात, थांबण्याआधी चार बोटं घरंगळावी यासाठी. आळस बाहेरून आणून बसवावा लागतो.

धूळ मात्र घटत नाही. एक दशांश मिलिमीटरचा कण एचओच्या रुळावर हरभऱ्याएवढा असतो, आणि वीज चाकांतून येते. झाडझूड केलेल्या पुण्यातल्या खोलीत मी असे किती हरभरे रोज पुसतो याचा हिशेब ठेवलेला नाही.

*

काळ तर बिलकूल घटत नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एचओत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकते. तीन मीटरची भिंत ती सोळा सेकंदांत संपवते. कर्जतचा वडा हातात यायच्या आत लोणावळ्याची चिक्की.

यावर तोडगा म्हणून लोकांनी घड्याळ पळवलं. दहा मिनिटांत तास होईल असं घड्याळ भिंतीवर लावायचं आणि त्यावर वेळापत्रक बांधायचं. सोळा सेकंदांची दीड मिनिटं झाली. घाट चढायला तीही अपुरीच. बाकीचा वेळ थांबवून काढायचा: सिग्नलला, क्रॉसिंगला, बँकर लागेपर्यंत. गाडी थांबते तेव्हाच अंतर वाढतं, ही गोष्ट आपल्या पॅसेंजरने प्रवास केलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

*

आखूड गाडी लांब दाखवायची युक्ती जुनी आहे. इंजिन बोगद्यातून बाहेर पडून पुन्हा दुसऱ्या बोगद्यात शिरलं पाहिजे, शेपूट पहिल्यातून निघायच्या आत. दोन्ही टोकं एकदम दिसली की बघणारा डबे मोजतो. एक टोक लपलं की तो मोजायचं सोडून देतो.

सहा डब्यांची डेक्कन क्वीन मी अशी मिरवली आहे. कुणी तक्रार केली नाही.

*

घाट काढणाऱ्यांनाही जागा कमीच पडली होती. भोर घाटाची लाइन १८६३ साली सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी एका कड्याच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन मागच्या बाजूला लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची चढण चढे. एका सोंडेवर वळण बसत नव्हतं, म्हणून वळणाऐवजी थांबा. १९२९ साली नवी लाइन झाली आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन गेलं. खोलीच्या कोपऱ्यात वळण बसत नाही तेव्हा आम्हीही हेच करतो. फरक एवढाच की आमच्या बाजूला दरीऐवजी कपाट असतं.

चढाचंही तसंच. घाटाची चढण ३७ ला १. एचओत एका रुळावरून दुसरा न्यायचा तर आठेक सेंटिमीटर उंची लागते. ३७ ला १ ने चढायला तीन मीटर हवेत. म्हणजे आख्खी भिंत, एका पुलासाठी.

नेरळ-माथेरानची गाडी, १९०७ ची, हा छंदिष्टांवरचा उपकार आहे. दोन फुटी गेज, आखूड डबे, डोंगराला बिलगून घेतलेली वळणं. कागदावर उतरवताना तिला फार पिळावं लागत नाही. झेडच्या साडेसहा मिलिमीटर रुळांवर एचओची माथेरानची गाडी थोडी ओढूनताणून बसतेही.

*

लेआउटचा सर्वांत महत्त्वाचा भाग कुणाला दाखवत नाहीत.

फ्रँक एलिसन या अमेरिकन माणसाने १९४४ साली लेख लिहून सांगितलं की हे नाटक आहे: रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रं, वेळापत्रक हे कथानक. मराठी माणसाला पुढचं सांगायला नको. पात्र येतं कुठून? विंगेतून. लेआउटलाही विंग लागते. पडद्यामागे, डोंगराखाली, भिंतीपलीकडे पाच-सात मोकळ्या लायनी, तिथे गाड्या उभ्या. दिसणारं स्टेशन एक. न दिसणाऱ्या लायनी म्हणजे बाकीचा सगळा देश. दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर, सगळं त्या अंधाऱ्या फळीवर. नवशिक्याच्या नकाशात विंग नसते. त्याची गाडी गोल फिरते, तीच परत येते आणि पाचव्या फेरीला तिच्यातला प्रवास संपलेला असतो.

इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे धर्मोपदेशक होते. बकिंगहॅम नावाचं त्यांचं लघुस्टेशन अनेक दशकं वाढत राहिलं. विंगेतल्या गाड्या सोडायचं काम मुलगा क्रिस्पिन करी, घंटेच्या ठोक्यांनी खुणा देत-घेत, खऱ्या केबिनीसारखं. मुलं मोठी होतात. डेनींनी मग त्याच्या जागी एक यंत्र बनवलं, घंटा वाजवणारं, उत्तर देणारं, गाडी सोडणारं. त्याचं नाव ठेवलं ऑटोमॅटिक क्रिस्पिन.

या नावापुढे मी बराच वेळ थांबलो होतो.

*

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलनने फरशीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले. फरशीचीच दरी केली. आरसे अशा कोनात लावले की तळघर संपत नसे. यार्डात शंटिंगला इंजिनाऐवजी एक स्टेगोसॉरस ठेवला. रेल्वेचं नाव ‘गोर अँड डॅफेटिड’. मोठ्याने म्हटलं की इंग्रजीत रक्तबंबाळ आणि पराभूत असं ऐकू येतं. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत आगीत रेल्वेही गेली. फोटो उरले. तो स्वतः फोटोग्राफर असल्याने उत्तम उरले, आणि आजही लोक त्या फोटोंवरून डोंगराची मापं काढतात.

हॅम्बुर्गचं मिनियाटूर वुंडरलांट २००१ पासून वाढतंच आहे, किलोमीटरच्या किलोमीटर रूळ. थक्क व्हायला होतं. पण तिथे जागेचा प्रश्न जागा वाढवून सुटतो, म्हणून त्यात माझ्या कामाचं फार नाही. कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे मी गाड्यांपेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त बघतो. मुलं इंजिनाकडे बोट दाखवतात. बाप रुळांच्या सांध्याकडे बघत असतात.

*

माझ्या फायलीत चौदा आराखडे आहेत. दोन एनचे, एक माथेरानचा, एक सीएसएमटीचा (चार फलाटांवर आणला, बाकीचे चौदा डोळ्यांआड). भोर घाटाचे सात. लंडनमधल्या एका रस्त्याच्या नावावरून सिरिल फ्रीझरने १९५७ मध्ये काढलेल्या ‘मिनरीज’ या छोट्या टर्मिनसवरून तीन. त्याचा आख्खा टर्मिनस सातेक फुटांत बसतो आणि सांध्यांची मांडणी अशी, की फलाटांवर जाताना डबे एकमेकांना फारसे घासत नाहीत. चौदाही आराखड्यांत एकही चूक नाही. कागदावर प्लायवूड फुगत नाही.

*

बांधलं ते पंधरावं. पुस्तकांच्या कपाटावर पाच फूट लांब, दहा इंच रुंद फळी. मिस्त्रींनी माप घेतलं आणि विचारलं, “साहेब, यावर काय ठेवणार?” “रेल्वे.” त्यांनी टेप पुन्हा लावून बघितला.

आराखडा अ‍ॅलन राइट या इंग्रजाचा, नाव इंगलनूक. दोन सांधे, तीन सायडिंगा. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढची शंटिंग नेक, म्हणजे मागेपुढे करायची आखूड लाइन, इंजिन आणि तीन वाघिणींपुरतीच. वाघिणी आठ. आठ पत्ते पिसायचे, पाच काढायचे, ज्या क्रमाने पत्ते आले त्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये उभी करायची. क्रम ६,७२० होऊ शकतात. रोज एक म्हटलं तरी अठरा वर्षं.

मोठं वाटतं, पण हातात काय येतं ते सांगतो. सिमेंटची वाघीण तिसरी हवी असते आणि ती लांब सायडिंगच्या तळाला, तीन रिकाम्यांच्या मागे अडकलेली. रिकाम्या बाहेर ओढायच्या, नेक भरली, आता सिमेंटवाली काढायला जागाच नाही. एक रिकामी पलीकडे सोडायची. तिथे आधीच दोन. तीन झाल्या, सायडिंग भरली. बांबूची काडी कपलिंगमध्ये घालून फिरवली की आकडा टिक करून सुटतो. ती टिक ऐकू आली तरच मागे यायचं. पंधरा-वीस मिनिटं जातात. इंजिन एकंदरीत तीस-चाळीस फूट चाललेलं असतं. घड्याळ साधं, भिंतीवरचं. पळवावं लागलं नाही.

सुट्टीत पुतण्या येतो. सातवीत आहे, त्याची उंची फळीला बरोबर येते. न सांगता एक डोळा मिटून बघतो. परवा त्याने गाडी लावली, पाचही वाघिणी क्रमाने, आणि फळीच्या उजव्या टोकाकडे बोट केलं. तिथे रूळ संपतात आणि शब्दकोशाचा तिसरा खंड सुरू होतो.

“काका, ही लाइन पुढे कुठे जाते?”

“पनवेलला.”

त्याने थोडा विचार केला. “मग तिकडून येणारी गाडी कधी लेट कशी नाही होत?”

रात्री मी पत्त्यांचा गठ्ठा काढला. नववा पत्ता कापला, कोपरे गोल केले आणि त्यावर लिहिलं: पनवेल गाडी चाळीस मिनिटे उशिरा. सकाळी पहिल्याच पिसणीत तो वर आला. पुतण्याने तो वाचला, इंजिन होतं तिथेच उभं ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा कधी होणार ते विचारलं.